लोकायुक्त आणि विसरलेले गाऱ्हाणे

(देवळाली प्रवरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी संयोजकांनी मला ‘भ्रष्टाचार निर्मूलन आणि लोकायुक्त’ असा विषय दिला आहे. त्यांची क्षमा मागून त्यातील पहिले दोन शब्द मी थोडे बाजूला ठेवणार आहे. भ्रष्टाचाराचा प्रश्न गौण आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु गेली दहा-पंधरा वर्षे त्या शब्दाचा इतका गजर झाला की, त्याच्या शेजारी उभा असलेला एक साधा, गरीब शब्द आपल्याला ऐकूच येईनासा झाला. तो शब्द म्हणजे गाऱ्हाणे.

महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्तांचा जो कायदा केला त्यात या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केलेल्या आहेत. एक ‘अभिकथन’, म्हणजे लोकसेवकाने पदाचा गैरवापर केला, स्वतःचा किंवा सग्यासोयऱ्यांचा लाभ केला असा आरोप. दुसरे ‘गाऱ्हाणे’, म्हणजे गैरकारभारामुळे आपल्यावर अन्याय झाला किंवा आपल्याला नाहक त्रास सोसावा लागला अशी नागरिकाची कैफियत. आणि गैरकारभार या शब्दात त्या कायद्याने दुर्लक्ष आणि अवाजवी विलंब यांचाही समावेश केला. हे फार महत्त्वाचे आहे. लाच मागणाऱ्या कारकुनाचे नाव वर्तमानपत्रात येते. पण लाच न मागता, कोणावर राग न धरता, केवळ कागद या टेबलावरून त्या टेबलावर न सरकवता एखाद्या कुटुंबाची तीन वर्षे खाऊन टाकणाऱ्या कचेरीची बातमी कोण छापणार? तिथे गुन्हेगार नाही, पंचनामा नाही, सापळा नाही. फक्त एक माणूस आहे आणि त्याला दर खेपेला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले जाते आहे.

देवळालीहून राहुरीला तहसील कचेरीत जाणाऱ्या, नगरला जिल्हा कचेरीत जाणाऱ्या माणसांची यादी डोळ्यांपुढे आणा. वारस नोंदीसाठी हेलपाटे घालणारा भाऊ, मोजणीची तारीख पडत नाही म्हणून बांधावर शेजाऱ्याशी भांडण धुमसत ठेवणारा शेतकरी, निराधार योजनेच्या अनुदानासाठी अर्ज करून बसलेली म्हातारी, निवृत्तिवेतन अडकलेला शिक्षक. या माणसांचे शासनाशी जे नाते असते ते मंत्रिमंडळाच्या निर्णयांतून तयार होत नाही, या कचेऱ्यांच्या ओसरीवर तयार होते. शासन म्हणजे काय हे त्यांना तिथे समजते.

या प्रश्नाकडे माझे लक्ष एका निवृत्त प्राथमिक शिक्षकामुळे वेधले गेले. ते माझ्या परिचयाचे. कोणती कचेरी, कोणता तालुका हे मी सांगणार नाही, कारण ती गोष्ट कोणत्याही तालुक्यात घडू शकते. छत्तीस वर्षे नोकरी झाली. तीनदा बदली. तिसऱ्या बदलीच्या वेळी त्यांच्या सेवापुस्तकाची मधली काही पाने कुठे तरी गहाळ झाली. निवृत्त झाल्यावर प्रकरण तपासणीसाठी गेले आणि ‘अमुक कालावधीची सेवा पडताळणी नाही’ असा शेरा होऊन परत आले. पहिल्या तालुक्याने सांगितले, पुस्तक दुसऱ्या तालुक्याला पाठवले. दुसऱ्या तालुक्याने सांगितले, जसे मिळाले तसे पुढे पाठवले. दोन्ही कचेऱ्या आपापल्या परीने खरे बोलत होत्या. मास्तर मात्र तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर आणि मुलाच्या मिळकतीवर दिवस काढत होते. ज्या माणसाने पाच-सहा गावांतल्या दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली, तो हातात पिशवी घेऊन बाकावर बसलेला असे आणि त्याचाच एखादा जुना विद्यार्थी टेबलामागून ‘मास्तर, आज साहेब नाहीत’ असे सांगे.

मी काय केले? आपण सगळे जे करतो तेच केले. एका पुढाऱ्याच्या स्वीय सहायकाला दूरध्वनी केला. त्याने तिकडे दूरध्वनी केला. आठ दिवस हालचाल झाली, मग पुन्हा सगळे थंड. दुसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा त्या सहायकाने मास्तरांना सहज विचारले, ‘तुमच्या वाडीत किती मते आहेत?’ प्रश्न गमतीत विचारला होता. मास्तर हसले नाहीत. घरी येऊन म्हणाले, ‘पेन्शन माझी आहे ना? मग उपकार कोणाचे?’

पुढे एका वकील मित्राने सांगितले म्हणून आम्ही लोकायुक्तांकडे अर्ज केला. सेवाविषयक बाबी, म्हणजे नेमणूक, बदली, पगार, शिस्तभंग या सामान्यतः लोकायुक्तांच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या असतात. पण निवृत्तिवेतन, उपदान, भविष्यनिर्वाह निधी यांचे दावे त्या अपवादातून वगळलेले आहेत, म्हणजे ते चालतात. हे आम्हाला ठाऊक नव्हते. अर्ज दोन पानांचा होता, तारखांचा तक्ता एका पानाचा. काही आठवड्यांनी खात्याकडून अहवाल मागवल्याचे पत्र आले. आणि मग, मित्रहो, जी पाने पाच वर्षे सापडत नव्हती त्यांच्याऐवजी जुन्या पगारपत्रकांवरून सेवा पडताळता येते असा शोध त्याच कचेरीला लागला. हा नियम काही त्या दिवशी जन्मला नव्हता. तो शोधण्याची गरज त्या दिवशी उत्पन्न झाली.

ही गोष्ट सांगून लोकायुक्त म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा आहे असे मला सुचवायचे नाही. कित्येक अर्जांना असे फळ येत नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते मास्तरांच्या प्रश्नाकडे. उपकार कोणाचे?

या संस्थेचा जन्म त्याच प्रश्नातून झालेला आहे. १८०९ साली स्वीडनच्या नव्या राज्यघटनेने संसदेला असा एक अधिकारी निवडण्याचा हक्क दिला, की ज्याने राजाच्या नोकरांवर प्रजेच्या वतीने नजर ठेवावी. ‘ओम्बुड्समन’ या त्यांच्या शब्दाचा अर्थ प्रतिनिधी, दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. दीडशे वर्षे ही कल्पना त्या उत्तरेकडच्या थंड देशांतच राहिली. १९५५ साली डेन्मार्कने आणि १९६२ साली न्यूझीलंडने ती घेतली, आणि मग जगभर तिचा बोलबाला झाला. याचे कारण उघड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शासन नागरिकाच्या जीवनात पूर्वी कधी नव्हते इतके शिरले. शाळा, दवाखाना, रेशन, पाटाचे पाणी, कर्ज, घर, सगळीकडे शासन. कल्याणकारी राज्य आपल्यालाही हवे होते आणि आहे. परंतु जितके शासन मोठे तितके त्याच्या दारात ताटकळणारे लोकही अधिक, हा हिशेब आपल्यापैकी पुष्कळांनी मांडला नाही.

आपल्याकडे मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासन सुधारणा आयोगाने ऑक्टोबर १९६६ मध्ये आपला पहिला अंतरिम अहवाल दिला तो नेमका याच विषयावर. नागरिकांच्या गाऱ्हाण्यांचे निवारण कसे व्हावे, असा त्याचा विषय होता. त्यात लोकपाल आणि लोकायुक्त या दोन संस्थांची शिफारस होती. केंद्रात लोकपालाचे विधेयक आले, १९६९ साली लोकसभेने ते मंजूरही केले. परंतु १९७०च्या अखेरीस लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक बुडाले. राज्यांपैकी ओरिसाने १९७० साली कायदा केला, पण तो बरीच वर्षे कागदावरच राहिला. प्रत्यक्ष लोकायुक्त नेमून काम सुरू करणारे पहिले राज्य आपला महाराष्ट्र. २५ ऑक्टोबर १९७२ हा तो दिवस.

१९७२! त्या सालाची ओळख नगर जिल्ह्याला करून द्यावी लागत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे, सुकडीसाठी लागलेल्या रांगा, हजेरीपटावर नाव आहे की नाही याची चिंता. आणि त्याच हंगामात मुंबईत नागरिकांच्या गाऱ्हाण्यांसाठी एक संस्था स्थापन होत होती. खडी फोडणाऱ्यांपैकी किती जणांना त्या संस्थेचे नाव ठाऊक झाले असेल? हा प्रश्न मी उपहासाने विचारत नाही. कारण आजही या सभागृहात येण्यापूर्वी मी बाहेर सात-आठ जणांना विचारले, लोकायुक्तांचे कार्यालय कुठे आहे? एकाने नगर सांगितले, एकाने दिल्ली. ते मुंबईत मंत्रालयासमोर नवीन प्रशासन भवनात आहे.

१९७१च्या कायद्याची रचना थोडक्यात अशी.  राज्यपालांनी लोकायुक्तांची नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेत्याचा सल्ला घेऊन करावी. मुदत पाच वर्षे. साक्षीदारांना बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार. मंत्री कक्षेत, मुख्यमंत्री मात्र बाहेर. गाऱ्हाणे ज्याचे त्यानेच मांडावयाचे, कृती कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत. अभिकथन कोणाही नागरिकाने, तीन वर्षांच्या आत, प्रतिज्ञापत्रासह. जिथे न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात दाद मागण्याची सोय आहे तिथे लोकायुक्तांनी सामान्यतः पडू नये. चौकशीअंती लोकायुक्त शिफारस करतात. तिचा मान राखला गेला नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल देतात आणि तो शासनाच्या स्पष्टीकरणासह विधिमंडळापुढे ठेवला जावयाचा असतो.

त्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की ती वाचताना मला नेहमी थांबावेसे वाटते. पोलिसांच्या कोठडीत, तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात असलेल्या माणसाने लोकायुक्तांना पत्र लिहिले तर ते न उघडता, विनाविलंब त्यांच्याकडे पाठवले पाहिजे. ज्याच्या सगळ्या वाटा बंद आहेत त्याच्यासाठी एक पाकीट तरी बंद राहावे! कल्पना किती उदात्त आहे. आणि हा कायदा अमलात येऊन तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा आणीबाणी आली. येरवड्याला आणि नाशिकला समाजवादी कार्यकर्ते मिसाखाली चौकशीविना डांबले गेले. त्यांच्या उपयोगी ते बंद पाकीट पडू शकत नव्हते, कारण राज्याच्या सुरक्षिततेसाठी केलेली कृती त्याच कायद्याने लोकायुक्तांच्या कक्षेबाहेर ठेवलेली होती. कायद्याने दिलेला हक्क आणि त्या हक्काला लागलेले कुंपण ही दोन्ही एकाच कागदावर असतात, हे कार्यकर्त्याने विसरू नये.

आता नेहमीचा आक्षेप. लोकायुक्तांना दात नाहीत, ते फक्त शिफारस करतात, मग उपयोग काय? या आक्षेपाने आपल्याला इतके पछाडले आहे की दात बसवण्याच्या मागणीपलीकडे आपण काही विचारच केला नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? नारायणराव पेशव्याचा १७७३ साली खून झाला आणि सत्तेवर बसलेल्या राघोबादादालाच दोषी ठरवून रामशास्त्री दरबारातून निघून गेले, असे परंपरा सांगते. आपण ही गोष्ट मुलांना इथपर्यंतच सांगतो आणि निःस्पृह न्यायाधीशाला नमस्कार करून थांबतो. पण त्या निर्णयाची अंमलबजावणी करणारा एकही शिपाई रामशास्त्र्यांच्या हाताखाली नव्हता. त्यांच्या हातीही केवळ शिफारसच होती म्हणा ना! राघोबाची सत्ता गेली ती बारभाई एकत्र आले म्हणून. निकाल शास्त्र्यांचा, पण तो उचलून धरणारे हात दुसऱ्यांचे. आपल्याला सतत नवा रामशास्त्री हवा असतो. बारभाई कोण, हे विचारायला आपण विसरतो.

हीच गोष्ट परदेशात घडलेली पाहा. ब्रिटनने १९६७ साली अशी संस्था काढली. तिथे तर नागरिकाने थेट अर्जही करावयाचा नाही, खासदारामार्फतच करावयाचा. आपल्यापेक्षा दुबळी वाटावी अशी रचना. त्याच वर्षी एक प्रकरण आले. नाझींच्या साक्सेनहाउसेन छळछावणीच्या आवारात कैद भोगलेल्या काही ब्रिटिश नागरिकांना जर्मनीने दिलेल्या नुकसानभरपाईतून परराष्ट्र खात्याने वगळले होते. तुम्ही मुख्य छावणीत नव्हता, असे खात्याचे म्हणणे. त्या माणसांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, खात्याने वर्षानुवर्षे तेच उत्तर दिले. आयुक्तांनी फायली मागवल्या आणि खात्याच्या निर्णयपद्धतीत दोष होता असा अहवाल दिला. परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राऊन यांना तो अहवाल मनातून पटलेला नव्हता. तरीही १९६८च्या फेब्रुवारीत त्यांनी लोकसभागृहात उभे राहून भरपाई देण्याचे मान्य केले. कारण सभागृहातले निरनिराळ्या पक्षांचे सदस्य तो अहवाल हातात घेऊन बसले होते. दात आयुक्तांना नव्हते, सभागृहाला होते.

याच्या उलट चित्र पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात लोकायुक्तपदावरून न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा २०२०च्या सप्टेंबरात निवृत्त झाले. त्यांनी शासनाला लोकसेवकांविषयी एकवीस अहवाल दिले होते. एकाही अहवालावर त्यांना समाधान वाटावे अशी कारवाई झाली नाही, आणि जाताना त्यांनी उद्वेगाने ही संस्थाच बंद करून टाकावी असे सुचवले. त्यानंतर काही महिन्यांतच, २०२१च्या जानेवारीत, तिथल्या विधानसभेने दुरुस्ती करून लोकायुक्तांचे अधिकार आणखी कमी केले. एकवीस अहवाल! त्यांतला एक तरी घेऊन रस्त्यावर बसणारे लोक असते, तर ती दुरुस्ती इतक्या सहज झाली असती का?

कर्नाटकात तसे झाले नाही. तिथे न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या बेकायदा खाणींवरील अहवालानंतर २०११च्या जुलैत मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पण त्याच राज्यात २०१६ साली वेगळे लाचलुचपत प्रतिबंधक पथक काढून लोकायुक्तांची पोलिसी शक्ती काढून घेण्यात आली आणि ती परत मिळवून द्यायला २०२२ साली उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. दातही काढून घेता येतात, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. लोकपालाच्या आंदोलनाचा नगर जिल्ह्याशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २०११ साली दिल्लीत उपोषण केले, देश हलला, आणि २०१३च्या डिसेंबरात संसदेने लोकपाल आणि लोकायुक्त कायदा मंजूर केला. राज्यांनी वर्षभरात लोकायुक्त नेमावेत असे त्यात म्हटले. प्रत्यक्षात पहिला लोकपाल नेमला गेला तो २०१९च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी ३० जानेवारीपासून अण्णांनी राळेगणला पुन्हा सात दिवस उपोषण केले, त्यातून महाराष्ट्रासाठी नव्या कायद्याचा मसुदा करणारी समिती झाली. ते विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले. मुख्यमंत्री त्यात कक्षेत आले, परंतु त्यांच्या चौकशीला विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागेल अशी अट घालून. ज्या मुख्यमंत्र्याविरुद्ध दोन-तृतीयांश सदस्य उभे राहतील तो एरवीही खुर्चीवर राहणार नाही, हे सांगायला न्यायशास्त्राचा अभ्यास लागत नाही.

अण्णांच्या तपश्चर्येविषयी मला आदर आहे. त्यांच्या काही सहकाऱ्यांच्या नंतरच्या वाटचालीविषयी मी आज बोलत नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९६६च्या आयोगाचा विषय गाऱ्हाणी हा होता. २०१३च्या केंद्रीय कायद्यात लोकपालाकडे नेण्यासारखी बाब एकच उरली, ती म्हणजे लाचलुचपतीचा गुन्हा. विलंब, दुर्लक्ष, बेपर्वाई यांना त्यात जागा नाही. आंदोलनाच्या रेट्याने गाऱ्हाण्यांसाठी एक स्वतंत्र विधेयक, ठरावीक मुदतीत सेवा आणि तक्रारनिवारण मिळण्याच्या हक्काचे, २०११च्या डिसेंबरात लोकसभेत आले होते. त्याच्यासाठी कोणी उपोषण केले नाही. २०१४ साली लोकसभेची मुदत संपली आणि ते निमूटपणे मरण पावले. त्याचे नाव तरी आपल्यापैकी किती जणांना आठवते? महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा केला हे खरे, त्यात मुदती आहेत, तीन अपिले आहेत, पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड आहे. ते चांगलेच झाले. पण तो अधिसूचित सेवांपुरता आहे. दाखला मिळाला नाही तर तो उपयोगी, एखाद्या कचेरीने माणसाला पाच वर्षे टोलवले तर नाही.

असे का झाले असावे? माझे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. गाऱ्हाण्याचे निवारण हा आपल्या राजकारणाचा धंदा आहे. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, बाजार समिती यांच्याभोवती या जिल्ह्याचे राजकारण उभे राहिले. माणसाचे अडलेले काम करून देणे हेच त्यातले भांडवल. आमदार ‘जनता दरबार’ भरवतात आणि त्या शब्दाची कोणाला लाज वाटत नाही. दरबार! नागरिक तिथे अर्जदार नसतो, याचक असतो. साहेब दूरध्वनी उचलतात, पलीकडचा अधिकारी ‘करतो साहेब’ म्हणतो, माणूस हात जोडून निघतो आणि पाच वर्षे बांधला जातो. काम झाले, पण हक्क कुठे मिळाला? उद्या शेजारच्याचे तेच काम, तो दुसऱ्या गटाचा म्हणून, होणार नाही. कचेरीचा कारभार सुधारला तर या दुकानदारीचे काय होईल? मंत्र्याच्या चौकशीची भीती सत्ताधाऱ्यांना वाटते हे खरे. पण गाऱ्हाणी आपल्या दाराशी न येता परस्पर सुटू लागली तर, ही भीती त्याहून जुनी आणि खोल आहे. विरोधी पक्षांनाही ती तितकीच वाटते.

आणि आपण? आपणही त्या धंद्यातले छोटे दलाल झालो आहोत. मास्तरांच्या वेळी मी स्वतः तेच केले हे मी सांगितले. मागच्या एका वर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मला सरळ विचारले होते, ‘लोकायुक्तांच्या पत्राने काम झाले तर लोक आपल्याला मत कशाला देतील?’ त्याला मी रागावलो नाही. ज्या गोष्टीचा आपण सगळे मनात हिशेब करतो ती त्याने मोठ्याने विचारली. मी त्याला एवढेच म्हणालो की, मास्तर नंतर माझ्या घरी पेढे घेऊन आले नाहीत. आपल्या तालुक्यातल्या आणखी दोन अडकलेल्या शिक्षकांना घेऊन आले, आणि त्यांचे अर्ज त्यांनी स्वतः लिहिले होते. मत त्यांनी कोणाला दिले ते मला ठाऊक नाही.

आता कामाचे दोन शब्द. पहिली गोष्ट, निर्णय चुकला आहे की निर्णयच होत नाही, हे आधी ओळखा. फेरफार चुकीचा मंजूर झाला असेल तर प्रांताकडे अपील करा, त्यासाठी लोकायुक्तांना पत्र लिहिणे व्यर्थ आहे. फेरफाराचा अर्ज वर्षभर धूळ खात असेल तर ते गाऱ्हाणे आहे. उसाच्या पैशांचेही तसेच. चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा ऊस नियंत्रण आदेश १९६६ पासून आहे. कारखाना देत नसेल तर भांडण कारखान्याशी, परंतु वसुलीचे आदेश हातात असूनही एखादा अधिकारी स्वस्थ बसला असेल तर ते त्याच्या खात्याविरुद्धचे गाऱ्हाणे होऊ शकते असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट पोचेची. आपल्या लोकांना पोच मागायची भीती वाटते, साहेबांना राग येईल म्हणून. पोच नाही म्हणजे तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणजे विलंब नाही! बारा महिन्यांची मुदत कुठून मोजणार? माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हातात आहे. आपला अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस होता हे लेखी विचारता येते, आणि ते उत्तर जोडलेले गाऱ्हाणे अर्धे सिद्ध झालेले असते. महिन्याच्या लोकशाही दिनात दिलेल्या अर्जाचा टोकन क्रमांकसुद्धा जपून ठेवावा.

तिसरी गोष्ट पक्षाने करावयाची आहे. लोकायुक्तांचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवला जातो. त्यावर सभागृहात चर्चा झाल्याचे क्वचितच कानी येते. कोणत्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणी आली, कोणत्या शिफारशी शासनाने बाजूला सारल्या, या प्रश्नांवर एक दिवस राखून ठेवावा ही मागणी आपण का करू नये? आणि लोकायुक्त किंवा उपलोकायुक्त यांनी वर्षातून ठरलेल्या दिवशी प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी बसावे ही मागणी? डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्यात जिल्हा हा एक खांब होता. न्यायासाठी मात्र देवळालीच्या म्हातारीने अजूनही मंत्रालयासमोरचा जिना चढावा, असे का? टपालाने अर्ज जातो हे मान्य. पण ज्याला लिहिता येत नाही त्याला समोर बसवून ऐकणे ही निराळीच गोष्ट असते.

मुख्यमंत्री कक्षेत आले की नाही यावर वर्तमानपत्रांत भरपूर रकाने खर्ची पडले. त्याला माझा विरोध नाही. पण नव्या कायद्याची प्रत हाती घ्याल तेव्हा आधी ‘गाऱ्हाणे’ हा शब्द कुठे आहे ते शोधा, मग मुख्यमंत्र्यांचे कलम उघडा.

वेळ संपत आली आहे, तरी एक सांगून थांबतो. मघाशी मी आत येत असताना दाराशी एका आजींनी माझ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद दिले. निराधार अनुदानाचे प्रकरण आहे. अनुदान मंजूर होते, काही महिन्यांपूर्वी बंद झाले, का बंद झाले ते कोणी सांगितलेले नाही. त्या इथेच, मागच्या बाजूला बसल्या आहेत. त्यांनी दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा पोच घेतली नाही. त्यामुळे आजचा पहिला अर्ज माहितीच्या अधिकारात जाईल, आणि त्याचे उत्तर आले की दुसरा लोकायुक्तांकडे. चहा झाल्यावर ज्यांचे अक्षर बरे आहे अशा दोघांनी पुढे यावे. आजींना काय काय घडले ते आधी त्यांच्या शब्दांत सांगू द्या, मध्ये बोलू नका, आणि तारखा आठवत नसतील तर सण विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर, एवढे त्यांना नक्की सांगता येईल.